आत्ती चालायला लागली

“तो उजेड काढ,” आत्ती म्हणाली, आणि माझ्या हातातली पेजेची वाटी हिंदकळली. आवाज आत्तीचा नव्हता.

दवाखान्यातली आया नुकतीच ट्यूब लावून गेली होती. खिडकीबाहेर तिन्हीसांज झाली होती. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून आत्तीच्या तोंडून ‘पाणी’ सोडून दुसरा शब्द निघाला नव्हता, तोही कान तोंडाशी नेला तर ऐकू येईल असा. आणि आता हा आवाज भरदार, पोटातून आलेला, हुकूम करायची सवय असलेल्या बाईचा. तिची मान उशीवर गोल गोल फिरायला लागली. मी नर्सला बोलवायला उठले, तर पलीकडच्या स्टुलावर बसलेल्या वन्संनी माझं मनगट धरलं.

“थांब. नर्स काय करनार ह्यात?” त्या म्हणाल्या. पिशवीतनं कुंकवाची डबी काढून त्यांनी आपल्या आईच्या कपाळभर मळवट भरला आणि दवाखान्याच्या त्या फिनेलच्या वासाच्या फरशीवर डोकं टेकलं. “मरगूबाई आली. इतक्या वर्षांनी आली.”

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, अनसाबाई. आणि आत्ती माझी सासू, पण सासू व्हायच्या आधीपासून ती माझी आत्तीच, माझ्या वडलांची थोरली बहीण. आमच्याकडं आत्तीच्या घरात भाची द्यायची चाल आहे, तशी मला दिली. त्यामुळं लग्नानंतर घर बदललं, माणसं बदलली, पण आत्तीला मी ‘आत्ती’च म्हणत राहिले आणि ‘तू’च म्हणत राहिले. वन्संना ते कधी आवडलं नाही. न आवडू दे.

आत्तीनं नव्वदी कधीच ओलांडली होती. तरी सकाळी उठून अंगण झाडायची आणि माझ्या भाकरीला नावं ठेवायची. एका सकाळी मोरीत पाय घसरला आणि खुबा मोडला. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशनला ह्या वयात धोका आहे, पण न करण्यात जास्त धोका आहे. आम्ही जीव मुठीत धरून सह्या केल्या. ऑपरेशन चांगलं झालं. हाडाच्या जागी स्टीलचा गोळा बसवला. आता फक्त उभं करायचं होतं.

संध्याकाळच्या ह्या प्रकाराबद्दल मी डॉक्टरांना विचारलं, तर ते अजिबात चकित झाले नाहीत. म्हणाले, भूल, दुखणं, परकी जागा, ह्यानं म्हाताऱ्या माणसाचं डोकं भरकटतं, आणि दिवस मावळला की जास्त. चष्मा लावा, दिवसा जागं ठेवा, ओळखीचं माणूस जवळ बसू दे, आणि काय वाट्टेल ते करून पायावर उभं करा. ह्या वयाचं माणूस हाडानं जात नाही, अंथरुणानं जातं, असंही ते म्हणाले. पाठीला जखमा होतात, छातीत कफ भरतो आणि बघता बघता संपतं. ते वाक्य माझ्या काळजात जाऊन बसलं.

वन्संनी हे सगळं ऐकून घेतलं आणि नर्सची पाठ वळताच उशीखाली लिंबू ठेवलं.

वन्संचंही अगदीच चुकलं असं म्हणवत नाही. आत्तीच्या अंगात मरगूबाई देवीचं वारं यायचं, हे काही नवं नव्हतं. तिच्या तरुणपणी मंगळवारी आणि शुक्रवारी दारात बायकांची रांग लागायची म्हणे. मी सून होऊन आले त्याच्या किती तरी आधी ते बंद झालं. एके दिवशी आत्ती उठली, देवीची परडी डोक्यावर घेतली, गावाबाहेरच्या देवळात नेऊन ठेवली आणि परत त्या वाटेला गेली नाही. सासऱ्यांनी कारण विचारलं तर म्हणाली, मला झेपत न्हाई. आईच्या हट्टापायी देवी घरातनं गेली, हा सल वन्संच्या मनात तेव्हापासून होता. आता देवी आपल्या पायानं परत आली होती, मग त्या कशाला सोडतात.

आत्तीला घरी आणलं. इचलकरंजीत असतं तसंच आमचं घर, पुढं दोन खोल्या आणि मागं मागाचा कारखाना. दिवसभर कापड विणण्याची खडखड. त्या आवाजाची इतकी सवय की माग थांबले की आमची झोपमोड व्हायची. आत्तीची खाट पुढच्या खोलीत टाकली. दिवसभर ती डोळे मिटून पडून असायची. भरवलं तर गालात धरून ठेवायची. आणि बाहेर दिवे लागायला आले की मागाच्या तालावर तिची मान हलायला लागायची, आधी जराशी, मग जोरात, आणि मग ती आपोआप उठून बसायची. जिला सकाळी दोघी-तिघी मिळून बसवावं लागे ती संध्याकाळी कुणाचाही हात न घेता ताठ बसायची. चेहरा गुळगुळीत व्हायचा. सुरकुत्या कुठं जायच्या देव जाणे.

ही बातमी काय गल्लीत लपून राहते होय! नारळ आले, खण आले, ओट्या आल्या. वन्संनी चटई टाकली. बायका प्रश्न विचारायच्या आणि ती उत्तरं द्यायची, तोडून, दोन-तीन शब्दांत. समोरच्या घरातल्या कमळनं तोंड उघडायच्या आधीच तिला म्हणाली, पाळणा धुवून ठेव. कमळच्या सुनेला तेव्हा दिवस गेल्याचं कमळलासुद्धा ठाऊक नव्हतं. पुढं ते खरं ठरलं.

मी मात्र पाया पडले नाही. स्वयंपाकघराच्या दारात पदर खोचून उभी राहायची आणि बघायची. एकदा तिची नजर गर्दीवरून फिरत माझ्यावर येऊन थांबली.

“ही वाकत न्हाई,” ती म्हणाली, रागानं नव्हे, जराशी गंमत वाटल्यासारखी. “वाकंल.”

सगळ्या बायकांनी माझ्याकडं वळून बघितलं. तरी मी वाकले नाही. ज्या अंगाला मी रोज सकाळी पुसून पावडर लावत होते, ज्याच्या माकडहाडावर लाल चट्टा उठायला लागला होता, त्याच अंगाच्या पाया पडायचं म्हणजे काय? मला ते जमेना.

सकाळी निलोफर यायची. निलोफर मुजावर, फिजिओथेरपी शिकलेली तरणी पोर, बोलायला गोड आणि कामाला कडक. वॉकर पुढं ठेवून ती आत्तीच्या काखेत हात घालायची, मी दुसऱ्या बाजूनं. आम्ही दोघी उचलायचो आणि आत्तीचे पाय चिंध्यांसारखे खाली लोंबायचे. ती ओरडायची नाही, कण्हायचीसुद्धा नाही. निलोफरला तेच खटकत होतं.

“काकू, ह्या मला शिव्या देत असत्या तर मी खूश झाले असते,” ती म्हणाली. “दुखतंय म्हणणारा पेशंट चालतो. ह्यांना कशाचंच काही नाही.” मग तिनं आत्तीच्या छातीला कान लावला आणि आवाज खाली आणून सांगितलं, कफ धरायला लागलाय. ह्या आठवड्यात उठल्या नाहीत तर मला आशा दिसत नाही.

त्या संध्याकाळी मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, धीर केला. मालक तसे देवभोळे नव्हते. पण आईवर त्यांचा विलक्षण जीव. साठी उलटली तरी घरात शिरल्या शिरल्या पहिलं वाक्य ‘आई कुठाय’. अंगावरचा कापसाचा पिंजा झटकून ते कारखान्यातून आले, बायकांच्या मधून वाट काढत पुढं गेले आणि स्वतःच्या आईसमोर हात जोडून उभे राहिले. विचारलं, “आई चालंल का? तेवढं सांगा.”

‘सांगा’ म्हणाले. आईला अहो-जाहो. मला कसंसंच झालं.

तिनं नजर त्यांच्याकडं वळवली. “मला कशाला चालाय पायजे?” म्हणाली. “मी बसून असते. लोक चालत येत्यात.”

बायकांनी हात जोडले. वन्संच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मालक मागं सरले, आणि त्यांचा चेहरा बघून मला कळलं की मला जे वाटलं तेच त्यांनाही वाटलंय. खाटेवर जे कुणी बसलं होतं त्याला आत्तीच्या पायाशी काही देणंघेणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच होते. वन्सं नारळ वाटायला गेल्या होत्या. मी आत्तीची कूस बदलत होते, तेवढ्यात कुणी तरी माझं नाव घेतलं. इतक्या बारीक आवाजात, की मला वाटलं गल्लीतून कुणी हाक मारली. खाली बघितलं तर आत्तीचे डोळे उघडे, आणि ते आत्तीचेच होते. तिनं माझा दंड धरला.

“शालन, मला हितनं ने.”

मी म्हटलं, आत्ती, तू घरातच हाईस की, आपल्या खाटेवर. ती मान हलवायला लागली. “न्हाई. लांबडी पडवी हाय. अंधार हाय. भिंतीला पाठ लावून बायका बसल्यात, कुनी बोलत न्हाई. ती आली की मला तितं बसाय लागतंय. आदी बी असंच हुतं. म्हनून तर परडी देऊन टाकली.”

तिचं तोंड सुकलं होतं. मी चमच्यानं पाणी पाजलं, ते तिनं धडपणे गिळलं.

“तुमी समदी तिच्या पाया पडताय,” ती म्हणाली. “मी तितनं हाका मारतोय, मारतोय. माझा ल्योक तिला हात जोडतोय. मागं वळून बगत न्हाई.”

मला रडू आवरेना. मी म्हटलं, मग ऊठ आणि ये की आत्ती. तू काय कुणाला भिणारी बाई हाईस? ती म्हणाली, कुणी नाव घेऊन हाक मारल्याबिगर उठता येत न्हाई. एवढं बोलून तिचे डोळे वर गेले आणि पापण्या मिटल्या. मी खूप हलवलं. परत काही नाही.

निलोफरला मी हे सांगितलं. वाटलं हसेल, पण ती हसली नाही. म्हणाली, डॉक्टरही तेच सांगतात काकू, नावानं हाक मारा, तुम्ही कोण, कुठं आहात ते सांगत राहा. तुमच्या घरात कुणी मारत नाही का हाक?

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कोण मारणार? मालक आणि वन्सं आई म्हणणार, नातवंडं आजी, कारखान्यातले कामगार आक्का, मी आत्ती. सासरे होते तेव्हा ते ‘अगं ए’ म्हणायचे. गौराबाई हे नाव दवाखान्याच्या कागदावर तेवढं होतं, माणसाच्या तोंडात नव्हतं. निलोफरनं जाता जाता दोनदा हाक मारून बघितली, “गौराबाई, डोळे उघडा.” पापणीसुद्धा हलली नाही. परकी पोर, तिच्या हाकेत जोर तो किती असणार, असं मला वाटलं.

दिवे लागायच्या वेळी मी पदर घट्ट केला आणि भरल्या खोलीत जाऊन खाटेपुढं उभी राहिले. सासूचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं. तिन्हीसांजेला तर कुणाचंच नाव घेऊन हाक मारायची नसते. दोन्ही मला माहीत होतं. मी म्हटलं, “गौराबाई, चल घरी.”

वन्संनी झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. मागाची खडखड काय ती चालू होती. खाटेवरची हसली.

“तिला कशाला उठवतीस?” ती म्हणाली. “ह्या घरात लई राबली. गौराबाईला बसूदे जरा.”

मालकांनी माझ्या खांद्याला धरून मला स्वयंपाकघरात आणलं. म्हणाले, पुरे शालन, लोक बघताहेत. मी म्हटलं, लोकांना काय करायचंय, तुमची आई मरायला लागलीय. ते तिथंच पाट ओढून भिंतीला टेकून बसले. त्यांना तसं बसलेलं बघून मला भडभडून आलं. आणि मी डोळे पुसत असताना मला आमची आज्जी आठवली.

आज्जी म्हणजे माझ्या वडलांची आई, आत्तीचीही आई. वेदगंगेच्या काठाला आमचं माहेर. मी अगदी लहान असताना आज्जीला म्हातारचळ लागला होता. दिवस मावळला की ती उंबऱ्यात येऊन उभी राहायची आणि नदीकडं तोंड करून हाका मारायची. आम्हा पोरांना हसू यायचं, कारण त्या नावाचं घरात कुणीच नव्हतं. तेव्हा वडलांनी सांगितलं होतं, हसू नका, ते तुमच्या आत्तीचं नाव आहे. लग्नाच्या आधीचं. पाटावर तांदूळ पसरून त्यावर नवं नाव लिहिलं आणि जुनं नाव माहेरीच राहिलं, असं सगळ्यांचंच होतं. माझंही झालं.

गौराबाईला बसूदे म्हणाली होती. ठीक आहे. हे माहेरचं नाव तर ह्या घरात कुणी कधी ऐकलंच नव्हतं.

मी मागच्या दारानं कारखान्यात गेले आणि मेन स्विच खाली ओढला. सगळे माग एकदम थांबले. कामगार ओरडायला लागले, काय केलं वहिनी, कापड बिघडंल. मी लक्ष दिलं नाही. तशीच घराला वळसा घालून पुढच्या दारात आले. खोलीत शिरले नाही. उंबऱ्यात उभी राहिले, सगळ्यांकडं पाठ करून, गल्लीकडं तोंड करून. आज्जी उभी राहायची तशी. आणि तिच्यासारखाच सूर लांबवून हाक मारली.

“रंगू... ए रंगू... दिवं लागलं गं. घरला ये.”

मागं कुणी तरी हुंदका दिल्यासारखं वाटलं. मी वळले नाही. पुन्हा हाक मारली. गल्लीतली माणसं थांबून बघायला लागली. तिसऱ्यांदा मारली, आणि माझ्या पाठीमागून, खाटेवरून, आवाज आला. बारीक, कोवळा, धापा टाकणाऱ्या पोरीचा.

“आले गं आये.”

वळून बघितलं तर आत्ती अंथरुणात अंगाचं मुटकुळं करून रडत होती. कपाळावरचं कुंकू डोळ्यांत उतरलं होतं आणि ती दोन्ही मुठींनी डोळे चोळत होती. चेहऱ्यावर सगळ्या सुरकुत्या परत आल्या होत्या. “पाय दुखतोय,” ती म्हणाली. “आये, लई दुखतोय.” मी धावत जाऊन तिला छातीशी धरलं. दुखतंय म्हणाली ह्याचाच मला इतका आनंद झाला, की मीही मोठ्यानं रडायला लागले. बायका एकेक करून उठून गेल्या. नारळ तसेच चटईवर पडले होते.

दुसऱ्या सकाळी निलोफर आली तेव्हा आत्तीनं तिला बोचकारलं आणि शिवी दिली. निलोफर आनंदानं वेडी व्हायची बाकी राहिली. त्याच सकाळी आत्ती वॉकरला धरून उभी राहिली. मग चार पावलं, मग दारापर्यंत. कफ सुटला, पाठीचा चट्टा सुकला, हावऱ्यासारखी जेवायला लागली. डॉक्टरांकडं नेलं तर ती वॉकर बाजूला ढकलून चालली. त्यांनी बाहेर बसलेल्या पेशंटना बोलावून दाखवलं, बघा, ह्या वयात ही बाई चालते आणि तुम्ही रडता. मी गल्लीत पेढे वाटले. वन्संना पेढा नेऊन दिला तेव्हा माझ्या तोंडावर जरा फुशारकी असेल, नाही म्हणत नाही.

पण तिचं चालणं मला खटकायला लागलं होतं. ती पाऊल टाकायची ते हलकं, चवड्यावर. नव्वदीच्या बाईचं नव्हतं ते. आणि घरात ती विचारून वावरायची. ज्या स्वयंपाकघरात तिनं मला वर्षानुवर्षं धारेवर धरलं, त्याच्या दारात उभी राहून म्हणायची, “आत येऊ?” कारखान्यात नेलं तर कानांत बोटं घालून हसायला लागली, म्हणाली, केवढा आवाज करत्यात. भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोकडं बघून विचारलं, हे कोण म्हातारं? मला ती ‘शालन’ म्हणेना, ‘आये’ म्हणायला लागली. मी दिसायला आज्जीवर गेलेय, असं माहेरी सगळेच म्हणायचे.

आणि मालक. ते रोज संध्याकाळी कारखान्यातून येताना काही तरी घेऊन यायचे, केळी, चिक्कू, राजगिऱ्याचे लाडू. पुढं धरून म्हणायचे, “आई, घे.” ती घाईघाईनं डोक्यावर पदर घ्यायची आणि भिंतीकडं तोंड करून बसायची. ते आत गेले की माझ्या कानाशी येऊन विचारायची.

“आये, ह्यो पावना कवा जायाचा गं?”

पहिल्यांदा मी हसण्यावारी नेलं. डॉक्टर म्हणाले, एवढ्या गोंधळातून गेलेलं डोकं कधी कधी पुरतं सावरत नाही, जुनं राहतं आणि अलीकडचं पुसलं जातं. असं होतं म्हणाले. वन्सं वेगळं म्हणाल्या. त्या म्हणाल्या, तू माहेरची हाक मारलीस, माहेरची पोर आली. आमची आई कुठं हाय? मी म्हटलं, वन्सं, तुमची आई तुम्ही नारळ फोडत बसला होता तेव्हा मरायला टेकली होती. ही जिवंत आहे, जेवते, चालते, आणखी काय पाहिजे? तेच मी आजही म्हणेन. पण त्या दिवसानंतर वन्सं आमच्या घरी राहायला आल्या नाहीत, आणि मालकांनी मला कधी काही विचारलं नाही. ते लाडू आणत राहिले.

संक्रांत होऊन गेली होती. मी आणि आत्ती पुढच्या खोलीत पाटीत वाटाणे सोलत बसलो होतो. दिवस मावळला होता. कारखान्याला त्या दिवशी सुट्टी होती, सगळं शांत. मालक उंबऱ्यात बसले होते, आमच्याकडं पाठ करून. बराच वेळ ते खाकरत होते. मला वाटलं थंडी बाधली. मग त्यांनी गल्लीकडं बघत, अगदी हळू, आपल्या आईचं नाव घेतलं.

जन्मात त्यांनी ते नाव उच्चारलं नव्हतं. जिभेला वळतच नव्हतं. “गौराबाई,” म्हणाले. जरा थांबले, पुन्हा म्हणाले, “गौराबाई, घरला ये.” मग आवाज चढला आणि फुटला. “ये की गं आई. मी हाक मारतोय.”

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, पण मला उठताच येईना. शेजारी आत्तीनं वाटाणे सोलायचे थांबवले होते. मान कलती करून ती कान देऊन ऐकत होती, पण मालकांच्या बाजूला नव्हे, दुसऱ्याच कुठल्या तरी बाजूला. ऐकता ऐकता तिचा चेहरा कळवळला. तिनं माझा पदर ओढला.

“आये, त्या पावन्याला सांग, हाक मारू नगं.”

“का गं?” मी विचारलं.

“तितं पडवीत त्या नावाची एक म्हातारी हाय. तिला ऐकू येतंय. उठाय लई धडपडती.” तिनं पुन्हा शेंग हातात घेतली, सोलली, दाणे पाटीत टाकले. “पर खुबा मोडलाय तिचा.”